बातमीतला ‘का’ कुणी खाल्ला?



आपल्यातल्या पुष्कळांना ‘बातमी’ ह्या शब्दाचीच शिसारी आहे. पेपर त्यांचे, चॅनल त्यांचे, जाहिराती त्यांच्या, तेव्हा बातमीही त्यांचीच. आपण कविता लिहायची, गाणं म्हणायचं, मोर्च्यात घसा फोडायचा, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या नाहीत की टपरीवर चहा पीत मनुवादी मीडियाच्या नावानं शंख करायचा. झालं आपलं पत्रकारितेशी असलेलं नातं! मी म्हणतो, हे पुरे झालं. बातमी लिहिणं हे हत्यार आहे. ते त्यांच्याच हातात राहील तोवर आपल्यावर चालत राहील.

मी हे कुठल्या अधिकारानं बोलतोय? मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. आठ तास चात्यांच्या रांगांमधून फिरायचं, तुटलेला धागा दिसला की जोडायचा. शाळा दहावीला सुटली. पुढचं जे काय वाचलं ते वाचनालयात नि रद्दीच्या दुकानात. कविता तुम्ही ह्याच पानांवर वाचल्यात. आणि गेले आठ महिने सुट्टीच्या दिवशी वृत्तपत्रविद्येच्या एका वर्गाला बसतो. फी ओव्हरटाइम करून भरलीय, म्हणून एक तास वाया घालवत नाही. सर एका दैनिकात पंचवीस वर्षं उपसंपादक होते. वर्गात आम्ही चौदा जण, गिरणीतला मी एकटा.

पहिला धडा सहा ककारांचा. कोण, काय, कुठं, कधी, का, कसं. ह्या सहा प्रश्नांची उत्तरं ज्यात नाहीत ती बातमी नव्हे. पहिल्याच दिवशी सरांनी हे फळ्यावर लिहिलं आणि मला वाटलं, अरे, हे तर आपल्या कामाचं आहे! हे सहा प्रश्न लोकांच्या तोंडी बसवणारा रुडयार्ड किपलिंग तरुणपणी लाहोरच्या इंग्रजी पेपरात नोकरीला होता. १९०२ च्या एका पुस्तकातल्या छोट्या कवितेत त्यानं ह्या प्रश्नांना आपले चाकर म्हटलंय. गोऱ्या माणसाच्या खांद्यावरल्या ओझ्याचं गाणं गाणारा तो हाच. त्याला चाकरच सुचणार. चाकर म्हंजे बोलावलं की यायचं, नको असेल तेव्हा उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. आपल्या पेपरांनी पाच चाकर घरात घेतलेत. सहावा, ‘का’, तो बाहेर उभा आहे. त्याच्या हातचं पाणी चालत नाही.

उगाच बोलत नाही. आमच्या वर्गातलीच गोष्ट घ्या.

सरांनी एक कागद वाटला. त्यावर एका घटनेचे तुकडे सुटे सुटे दिले होते. गावात लग्नाची वरात. नवरदेव घोड्यावर. वरात देवळासमोर आल्यावर दगडफेक. चार जखमी. नवरदेव अनुसूचित जातीचा. फिर्यादीत लिहिलेलं, की घोड्यावरून खाली उतर असं दरडावलं गेलं आणि जातीवरून शिवीगाळ झाली. पोलीस अधिकारी म्हणतो, डीजेच्या आवाजावरून वाद झाला. दीडशे शब्दांत बातमी करा.

तेरा जणांनी बातमी केली ती अशी: वरातीत डीजेच्या आवाजावरून दोन गटांत हाणामारी, चार जखमी, गावात तणावपूर्ण शांतता. तेराही पोरं वाईट नाहीत. त्यांतली दोन तर आपलीच आहेत, भीमजयंतीला पुढं असतात. पण रोज पेपर वाचून वाचून त्यांच्या हाताला वळणच तसं पडलंय. ‘क्षुल्लक कारणावरून’, ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘दोन गटांत’ हे शब्द साच्यातून निघतात तसे निघतात.

मी पहिल्याच वाक्यात लिहिलं की घोड्यावरून उतरायला नकार दिला म्हणून वरातीवर दगडफेक झाल्याचं फिर्यादीत नमूद आहे. सर म्हणाले, “हे बघा, तुमचा मुद्दा कळतो मला. पण इंट्रोत जात आली की डेस्क बिचकतं. हा भाग पाचव्या परिच्छेदात घ्या.”

मी म्हटलं, “सर, पाचवा परिच्छेद जाहिरात आली की उडतो, असं तुम्हीच मागच्या रविवारी सांगितलंत.”

सर हसले. म्हणाले, “उडतो खरा.”

मागच्या रविवारी उलटा पिरॅमिड शिकवला होता. सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात वर, मग कमी महत्त्वाचं, मग त्याहून कमी. अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात बातम्या तारेनं जायच्या, तार कधी बंद पडेल नेम नाही, म्हणून मुद्द्याचं आधी पाठवायचे, अशी त्याची जन्मकथा सांगतात. जागा कमी पडली की उपसंपादक खालून कापत वर येतो. म्हंजे जे खाली ठेवलं ते कापण्यासाठीच ठेवलं. जातीची उतरंड आपल्याला पाठ आहे, तिच्यात आपण तळाला. आता ह्यांनी पिरॅमिड उलटा केला तरी आपण तळालाच! वर आलं काय? डीजे.

सरांवर माझा राग नाही. त्यांनी त्यांच्या डेस्कवर जे पाहिलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. राग आहे तो त्या ‘महत्त्वाचं’ ह्या शब्दावर. महत्त्वाचं कुणाला? तालुक्याचा वार्ताहर बहुतेक ठिकाणी पगारी नसतो. बातमीमागं किरकोळ मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. आमदाराच्या, चेअरमनच्या, सरपंचाच्या वाढदिवसाची जाहिरात आणायची त्यानं, आणि त्याच सरपंचाच्या पुतण्यानं दगड मारला ही बातमीही लिहायची त्यानं. पोटाला चिमटा कुठं बसतो ते त्याला माहीत आहे. हा धडा मात्र अभ्यासक्रमात नाही.

आता क्रियापदं बघा. वर्गात आम्हाला शिकवलं की प्रत्येक माहितीला स्रोत द्या, कोण म्हणालं ते लिहा. एकदम बरोबर. मग मी घरी महिनाभराचे पेपर काढून बसलो आणि लाल पेन्सिलनं खुणा केल्या. पोलीस बोलतात तेव्हा ते ‘माहिती देतात’. तहसीलदार ‘स्पष्ट करतात’. कारखान्याचा चेअरमन ‘सांगतो’. आणि जिचा नवरा मारला गेला ती बाई? ती ‘आरोप करते’. तिचा भाऊ ‘दावा करतो’. तिनं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी आरोप. फौजदार दोन तासांनी आला, त्यानं काही पाहिलेलं नाही, तरी ती माहिती. कोर्टात कोण खरं ठरेल ते कोर्ट ठरवील. पण पेपरानं निकाल क्रियापदातच लावून टाकला ना!

आणि कर्ता? ‘मारहाण झाली.’ ‘झोपड्या जळाल्या.’ ‘तणाव निर्माण झाला.’ कुणी मारलं, कुणी जाळल्या, कुणी निर्माण केला? वाक्यातला कर्ता फरार आहे. आपण रस्त्यावर बसलो की मात्र तो लगेच सापडतो: आंदोलकांनी वाहतूक रोखली, प्रवाशांचे हाल केले.

हेच गटाराच्या बातमीत. ‘सेप्टिक टँकमध्ये गुदमरून तिघांचा मृत्यू.’ कोण ते कळलं, कुठं-कधी कळलं, कसं तेही कळलं, विषारी वायूनं. का? त्यांना आत कुणी उतरवलं? २०१३ च्या कायद्यानं गटारात, सेप्टिक टँकमध्ये माणसाला संरक्षक साधनांशिवाय सफाईसाठी उतरवणं हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा मृत्यूला १० लाख आणि २० ऑक्टोबर २०२३ ला ३० लाख रुपये भरपाई ठरवून दिलीय. ह्यातली एक ओळ त्या बातमीत घालायला किती जागा लागते? आणि उतरणारा बहुतेक वेळा एकाच जातवर्गाचा का असतो, हा प्रश्न तर बातमीदाराच्या वहीत येतच नाही. वायूला जात नसते, म्हणून ‘का’ वायूवर ढकलायचा. गिरणीतही असंच. आमच्या भागात मागं एका गिरणीत कंत्राटी पोराचा हात गेला. बातमी पाच ओळींची, ‘यंत्रात हात अडकून कामगार जखमी’. १९४८ च्या कारखाना कायद्याचं २१ वं कलम तेव्हा सांगायचं की यंत्राच्या धोक्याच्या भागाला संरक्षक जाळी, कठडा हवाच. जाळी होती का, एवढं विचारायला बातमीदार फाटकापर्यंत आला असता तर मी स्वतः त्याला चहा पाजला असता.

कुणी म्हणेल, ‘का’ सुटला तर सुटला, बाकी पाच तर आले ना? नाही दोस्तहो. ‘का’ची जागा मोकळी राहत नाही. तिथं कुणीतरी दुसरं काहीतरी आणून बसवतं.

खैरलांजी आठवा. भंडारा जिल्हा, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियंका, मुलं रोशन आणि सुधीर. चौघांना ठार मारलं. भैयालाल तेवढे वाचले. सुरुवातीच्या काही बातम्यांमध्ये ‘का’च्या जागी काय बसलं? अनैतिक संबंध. मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर! सुरेखाबाई एका मारहाण प्रकरणात साक्षीदार होत्या. त्या प्रकरणातले आरोपी ज्या दिवशी जामिनावर सुटले त्याच दिवशी हे हत्याकांड झालं. शेताचा, शेतातून जाणाऱ्या रस्त्याचा वाद जुना. पोरगी शिकत होती, घर ताठ मानेनं जगत होतं. हे शोधायला बातमीदाराला किती लांब जायला लागलं असतं? पोलीस ठाण्यापर्यंत, आणि मग गावापर्यंत. तीन दिवसांनी, २ ऑक्टोबरला, शेजारच्याच जिल्ह्यात, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेची पन्नास वर्षं साजरी करायला आपला लाखोंचा समाज जमला होता. बातमी राज्यभर पोचली नव्हती. पेटलं ते नोव्हेंबरात, कार्यकर्ते गावात जाऊन माहिती काढून आले तेव्हा. आणि लोक रस्त्यावर उतरले तर आंदोलनाचा ‘का’ मात्र तयारच होता: ह्यामागं नक्षलवादी आहेत, असं तेव्हाचे गृहमंत्रीच बोलले. तो छापायला कुणाला महिना लागला नाही.

पुढं २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयानं आठ जणांना दोषी धरलं, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानंही जातीचं कारण मानलं नाही. पेपरांनी निकाल लिहिला असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, पहिल्या आठवड्यात गाव बोलत असतं, पुरावा ओला असतो, त्या आठवड्यात जातीचा ‘का’ कुणी लावून धरला नाही तर तो पंचनाम्यात येत नाही, जबाबात येत नाही, आणि मग दोन वर्षांनी कोर्टात आकाशातून पडत नाही.

हा धंदा जुना आहे. २० मार्च १९२७, महाड. चवदार तळ्याचं पाणी प्यायलेली माणसं जेवायला बसलेली. गावात आवई उठली, हे आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. झालं, काठ्या बाहेर! तो खोटा ‘का’ होता. बाबासाहेबांनी काय केलं? दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ काढला आणि महाडला काय घडलं, कुणी केलं, का केलं, ते अंकामागून अंक लिहून काढलं. पाण्याला हात लावणारा आणि त्या पाण्याची बातमी लिहिणारा माणूस एकच होता. चोवीस-चोवीस रकाने एकट्यानं भरायचे ते. आपण ‘मूकनायक’चा दिवस, ३१ जानेवारी, हार घालून साजरा करतो. ‘केसरी’नं पैसे मोजूनही त्याची जाहिरात छापली नाही ही गोष्ट भाषणात सांगतो, टाळ्या घेतो. पण त्या पानांमध्ये तारखा, ठिकाणं, आकडे, सरकारी ठरावांचे उतारे कसे ठासून भरलेत, ते कितीजणांनी उघडून बघितलं?

आणि अमेरिकेतली इडा बी. वेल्स. ब्लॅक पँथरचं नाव घेतो आपण, हिचं घेत नाही. १८६२ साली गुलामगिरीत जन्मली. मेम्फिस शहरात शाळामास्तरीण होती, मग पेपर चालवू लागली. मार्च १८९२ मध्ये तिच्या ओळखीच्या काळ्या दुकानदाराला दोन साथीदारांसकट जमावानं ठार मारलं. गोऱ्यांचे पेपर अशा हत्यांचा ‘का’ ठरलेला छापायचे: काळ्या पुरुषानं गोऱ्या बाईवर हात टाकला. हिनं काय केलं? गावोगाव चौकशी केली आणि गोऱ्यांच्याच पेपरांत छापलेल्या हत्यांच्या याद्या घेऊन बसली. ‘शिकागो ट्रिब्यून’चे आकडे. मोजलं तर निघालं की मारलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांशांवर तसा नुसता आरोप तरी होता. बाकीच्यांचा गुन्हा म्हंजे धंदा नीट चालवणं, उलट बोलणं, असलंच काही. तिच्या पेपरचा छापखाना मे १८९२ मध्ये जमावानं फोडला. ती गावाबाहेर होती म्हणून वाचली. तरी तिनं त्याच वर्षी एक आणि १८९५ मध्ये दुसरी पुस्तिका काढली. तिनं शिव्या दिल्या नाहीत. त्यांचीच यादी त्यांच्या तोंडावर वाचून दाखवली. मेम्फिसमध्ये चारित्र्य, खैरलांजीत चारित्र्य. मधे एकशे चौदा वर्षं आणि एक अख्खा समुद्र.

‘का’ खाणारे कोण, हेही बघू. १९९६ साली एका परदेशी वार्ताहरानं दिल्लीत विचारलं, मला एखाद्या दलित पत्रकाराचं नाव सांगा. बी. एन. उनियाल नावाच्या पत्रकारानं सरकारमान्य पत्रकारांची ६८६ नावांची यादी चाळली, फोन लावले. एकही सापडला नाही. ‘पायोनियर’मध्ये त्यानं तसं लिहिलं. मग सुधारलं असेल? २०१९ साली ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीनं हिंदी-इंग्रजी माध्यमांतली प्रमुखपदं मोजली. १२१ पैकी १०६ सवर्ण. अनुसूचित जाती-जमातीचा एकही नाही. तेवीस वर्षांत शून्याचं शून्यच.

गिरणीच्या माणसाला हे चित्र ओळखीचं आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विटाळ. आपण रिंग खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड विचारलं तेव्हा कामगार पुढाऱ्यांची बोलती बंद झाली. बातमीचंही तसंच चाललंय. सूत आपण काढायचं, म्हंजे मार आपण खायचा, मोर्चा आपण काढायचा, मरायचं आपण, आणि त्याचं कापड विणायचं त्यांनी. त्यांच्या धोट्याला आपलं तोंड लागता कामा नये.

पण लागलेलं आहे, आणि फार आधी. नारायण मेघाजी लोखंडे गिरणीत नोकरी केलेला माणूस. १८८० पासून मुंबईत ‘दीनबंधु’ चालवला, १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून दिली. शिवराम जानबा कांबळे, त्यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ काढला. कुठल्या कॉलेजात शिकले होते हे बातमी लिहायला?

आता आपल्या पोरांकडं वळतो, आणि इथं मी गोड बोलणार नाही. मोबाईलवर रोज मेसेज येतात. ‘आपल्या बांधवावर भ्याड हल्ला. सर्वांनी जमा व्हा. शेअर करा.’ कुठं? माहीत नाही. कधी? काल असेल, नाहीतर तीन वर्षांपूर्वी. कुणावर? फोटो आहे, नाव नाही. कोणत्या ठाण्यात गुन्हा नोंदला? नोंदला तरी का? कुणी विचारत नाही. मग चांगला बातमीदारही, आणि तसे थोडे आहेत, तो ह्या मेसेजचं काय करणार? जे पेपर ‘का’ खातात त्यांना शिव्या द्या, जरूर द्या. पण आपले मेसेज उरलेले पाचही खातात! ‘का’ तेवढा असतो, मोठ्या टायपात, लाल रंगात, आणि त्याच्याखाली जमीनच नसते. कोर्टात आरोपीचा वकील तोच मेसेज दाखवून सांगतो की बघा, सगळं रचलेलं आहे.

म्हणून म्हणतो, शिका. काही अवघड नाही. गावात गेलात की आधी एफआयआर बघा. फिर्यादीला तिची प्रत फुकट मिळते, तो त्याचा हक्क आहे. गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ उतरवा. घटना कधीची आणि नोंद कधीची, ह्यातलं अंतर मोजा. बऱ्याचदा खरी बातमी त्या अंतरातच असते: आठ तास ठाण्याबाहेर बसवून कुणी ठेवलं? मग कलमं बघा. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावला की नुसतीच मारहाण? जातीवाचक शिवीगाळ असेल तर ३(१)(आर) आणि ३(१)(एस) आहेत का? ह्या कलमांना ‘लोकांच्या नजरेसमोर’ ही अट आहे, तेव्हा शिवी कुठं दिली, उंबऱ्याच्या आत की चौकात, तिथं आणखी कोण होतं, हे विचारलंच पाहिजे. इथं ‘कुठं’ चुकला तर ‘का’ मेला. तपास उपअधीक्षक किंवा त्याच्या वरचा अधिकारी करतोय का? नियम तसा आहे. आरोपपत्र साठ दिवसांत गेलं का? नावं, वयं, गावाचं नाव दोनदा तपासा. बलात्काराची घटना असेल तर बाईचं नाव, तिच्या घरच्यांची ओळख पटेल असं काहीही छापू नका. कायदा तर आहेच, पण कायदा नसता तरी नको.

आणि समोरच्याला विचारा. ह्यावर आपली पोरं भडकतात, ‘त्यांना कशाला विचारायचं?’ विचारायचं, कारण तो काय बोलतो ते लिहून ठेवलं की पुढं त्याला पलटता येत नाही. सरपंचाला विचारा, ‘घोड्यावरून उतरायला का सांगितलं?’ तो सहज बोलून जाईल, ‘आमच्या गावात तशी पद्धत नाही.’ झालं! तुमचा ‘का’ त्यानंच दिला, अवतरणचिन्हात. माझ्या दहा कवितांनी जे होणार नाही ते त्या एका ओळीनं होतं. पण ती ओळ ऐकायला वही घेऊन त्याच्या ओसरीपर्यंत जावं लागतं, आणि एकट्यानं जायचं नसतं, हेही सांगून ठेवतो.

वर्गात एकानं विचारलं, जात लिहिली की तेढ वाढत नाही का? मोठा सज्जन प्रश्न आहे हा. दंगल पेटलेली असताना जमावाची नावं उधळू नयेत, हे मला मान्य. पण हाच पेपर चोरीच्या बातमीत आरोपीचा पत्ता ‘भीमनगर झोपडपट्टी’ असा ठळक छापतो, तेव्हा तेढ वाढत नाही? आपण मारणारे असलो की वस्तीचं नाव, आपण मार खाणारे असलो की ‘एक युवक’. ऑगस्ट २०१८ मध्ये तर केंद्र सरकारच्या माहिती खात्यानं चॅनलना सूचना पाठवली की ‘दलित’ शब्द टाळा, ‘अनुसूचित जाती’ म्हणा. शब्दावर चर्चा करू, आपल्यातही मतभेद आहेत, मला स्वतःला बौद्ध म्हणवून घेणं आवडतं. पण दगड घालताना त्यांनी अनुसूचीचा कागद बघितला होता का? ज्या कारणानं माणूस मारला ते कारण लिहिलं तर तेढ वाढते आणि मारला तर वाढत नाही, हे गणित मला रिंग फ्रेमच्या खडखडाटातसुद्धा सुटत नाही.

१९७२ मध्ये ‘साधना’च्या स्वातंत्र्यदिन अंकात राजा ढाले यांचा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. लोकांना त्यातली झोंबणारी भाषा आठवते. मी तो शोधून वाचला तेव्हा मला दिसलं की त्या भाषेच्या पोटात शिक्षेची तुलना आहे, कुठल्या अपमानाला कायद्यात किती किंमत, असा रोकडा हिशेब. आपण भाषा उचलली, हिशेब तिथंच राहिला.

संपादक मित्रांशी बोलून ठरवलंय. पुढच्या अंकापासून ह्या मासिकात दोन पानं बातमीची राहतील. कविता पाठवा, थांबवत कुणी नाही. पण प्रत्येक तालुक्यातून एक बातमीही पाहिजे. अडीचशे शब्द, कागदाच्या एका बाजूला, सुवाच्य अक्षरात. पहिल्या दोन वाक्यांत कोण, काय, कुठं, कधी आणि का. कोण म्हणालं ते प्रत्येक ठिकाणी. ‘झाली’, ‘घडला’, ‘निर्माण झाला’ असं जिथं लिहाल तिथं थांबून बघा की कर्ता कुठं गेलाय. सोबत एफआयआरची झेरॉक्स जोडा, आणि ठाण्यात गुन्हाच नोंदवून घेतला नसेल तर कोणत्या दिवशी, किती वाजता गेलात आणि टेबलावर कोण बसलं होतं ते लिहून पाठवा.